एकशे चौदावा पराभव

एल्मर स्टॅनिक आणि डच गेर्बर एकमेकांना पाण्यात पाहत. पेनसिल्व्हेनियातलं कोळशाच्या खाणींचं गाव, बेसबॉलचा एकच संघ, दोघंही पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, आणि दोघांच्याही नावावर एकशे तेरा पराभव; संघ हरला की तो पराभव पिचरच्या नावावर लागतो. त्यांच्या बरोबरीचे बाकीचे कधीच चेंडू टाकायचे थांबले होते. इतक्या वेळा हरलेला लीगमध्ये दुसरा कुणी नव्हता.

मॅनेजर मकार्डल समजूत घालायचा, "अरे, शंभरदा हरायला शंभरदा चेंडू हातात मिळावा लागतो. सगळ्यात जास्त जिंकणाराच या देशात सगळ्यात जास्त हरलाय."

हे शहाणपण बारमध्ये चालत नव्हतं. बारवाल्याने जाहीर केलं होतं, हंगाम संपल्यावर पराभवांत जो पुढे असेल त्याचं नाव पितळी पिकदाणीवर कोरायचं. एल्मरचा बाप रोज संध्याकाळी तिथेच बसायचा, तंबाखू चघळत. बाप आपल्या नावावर थुंकणार, या विचाराने एल्मरची झोप उडाली होती.

शेवटचा सामना आला. पुढच्या वर्षी दोघांनाही संघात जागा नव्हती. आठव्या डावात धावा दोन-दोन, चेंडू डचच्या हातात, आणि प्रतिस्पर्ध्यांचे दोन गडी बेसवर. डचचा दम संपलेला दिसत होता. मकार्डल पिचरच्या उंचवट्यावर गेला, डचकडून चेंडू घेतला आणि एल्मरला बोलावलं.

जाता जाता डच खेकसला, "ते दोघं माझे आहेत. नीट सांभाळ."

"सांभाळतो की, लाडाने सांभाळतो," एल्मर म्हणाला.

ते दोघं धावून घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर आले, तर धावा त्यांना बेसवर जाऊ देणाऱ्या डचच्या नावावर लागणार होत्या. सामना तसाच संपला तर पराभवही डचचाच. एल्मरने एवढंच पाहिलं. त्याने एक संथ, सरळ, बिनकामाचा चेंडू टाकला. फलंदाजाने तो थेट कुंपणाला धाडला आणि दोघंही घरी आले. चार-दोन. पुढचे गडी एल्मरने झटपट बाद केले. बाकावर बसलेल्या डचने जमिनीवर थुंकून म्हटलं, "हरामखोर." एल्मरला ते गाणं ऐकल्यासारखं गोड लागलं.

मग त्यांच्या संघाची फलंदाजी आली. दोन गडी बाद, दोघं बेसवर, आणि पाळी एल्मरची. बदली खेळाडू एकही उरला नव्हता. एल्मरची बॅट सबंध हंगामात चेंडूला लागली नव्हती, त्यामुळे त्याला नाटक करायचीही गरज नव्हती. उभं राहायचं, तीन चेंडू जाऊ द्यायचे की बाद, बस.

दोन गेले. तिसरा मात्र असा अलगद, छातीसमोर आला की हात थांबेनात. पोरवयापासून असाच चेंडू मागत आला होता तो. बॅट फिरली, चेंडू दोघा क्षेत्ररक्षकांच्या मधून निसटला, दोन्ही धावा झाल्या. चार-चार! प्रेक्षकांनी टोप्या उडवल्या. बेसवर उभ्या एल्मरचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. बरोबरी झाली की आधीचा पराभव पुसला जातो. डच सुटला होता. आता जे काही होईल ते एल्मरच्या माथी.

नवव्या डावात त्याने जीव तोडून चेंडू टाकले. खरंच टाकले. पण थकलेल्या खांद्यातून जो निघाला तो दुसऱ्याच फलंदाजाने कुंपणापार भिरकावला. पाच-चार. त्यांच्या संघाचे तीन गडी आले तसे परत गेले आणि खेळ संपला.

कपडे बदलायच्या खोलीत एल्मर बुटाची नाडी सोडत बसला होता. डच समोर येऊन उभा राहिला.

"तो संथ चेंडू मुद्दाम टाकलास ना?"

"हात घसरला."

"खोटं बोलू नकोस, लेका. तुझ्या जागी मीही तोच टाकला असता."

एल्मरने मान वर केली. इतक्या वर्षांत डच त्याच्याशी इतकं शांतपणे कधीच बोलला नव्हता.

"पण नंतर," डच म्हणाला, "मी बॅट खांद्यावरून हलवली नसती."