मागच्या सीटचं माप

चाळीस वर्षं मी सीटा शिवल्या. शिवाजी पेठेत माझं कुशनचं दुकान आहे. ट्रक, जीप, लग्नाच्या गाड्या, सगळ्यांच्या बुडाची सोय मी केली. सीटवर मूठ दाबली की आतला फोम किती वर्षं टिकेल ते मी सांगतो आणि ते खरं ठरतं. एवढी अक्कल असून माझ्या बायकोला कुठल्या सीटवर बरं वाटतं ते मला कळेना.

चिमणाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, गेल्या दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय लाकडासारखा ताठ झाला आणि वाचा गेली. अगदी सगळी गेली असंही नाही. एक वाक्य उरलं, "चालतंय की."

चहा पाहिजे का? चालतंय की. मग नको का? चालतंय की. डॉक्टर म्हणाले, "असं होतं, तोंडात बसलेलं वाक्य तेवढं राहतं. मानेवरही विसंबू नका, हो म्हणायचं असताना त्या नाही म्हणून हलवतील." मी म्हटलं, बरं झालं, शंकेला जागाच ठेवली नाही तुम्ही.

तिचा थोरला भाऊ गुंडू मलकापूरला असतो. तोही खाटेला खिळलेला, त्याला हलवायची सोय नाही. फोनवर रोज एकच म्हणायचा, "पावणं, चिमीला एकदा आणा, बघून घेतो." म्हणून होळीनंतर आम्ही भाड्याची एक छोटी गाडी केली. मुलगा सम्राट गाडी चालवत होता, मी पुढं, ती मागं. बांबवड्याच्या अलीकडंच ती रडायला लागली. काय दुखतंय विचारलं तर चालतंय की, आणि डोळ्यांतून धारा. शेवटी गाडी वळवली. त्या दिवशी गुंडू संध्याकाळपर्यंत दाराकडं बघत होता, असं त्याच्या सुनेनं सांगितलं.

घरी आल्यावर मी निदान केलं. सीट आखूड होती. मांडी निम्मी लोंबकळत होती, ताठ पायाला आधार कुठला मिळणार? म्हटलं, आता स्वतःची गाडी घ्यायची आणि माप घेऊनच घ्यायची.

मग मी टेप खिशात घालून शोरूम पालथी घातली. लहान सेडान घेतली तर उंची बरी असते, बाईला बसवायला सोपं जातं. पण मागं गुडघा आणि पुढची सीट यांच्यात चार बोटं जागा, आणि बैठक दोन इंच आखूड. मधल्या सेडानमध्ये गुडघ्यापुढं वीतभर जागा, मांडीला पुरता आधार, पाठीला उतारही झकास. पण गाडी खाली बसलेली. बसवताना बाई खड्ड्यात उतरल्यासारखी जायची आणि तिच्या अंबाड्याला छप्पर लागायचं. एकात एक नाही, दुसऱ्यात दुसरं नाही.

चिमणाबाईला आम्ही प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं. दोघं धरायचे, तिसऱ्यानं पाय उचलून आत घ्यायचे. मी वाकून विचारायचो, "कसं वाटतंय?"

"चालतंय की."

"आणि मगाचची?"

"चालतंय की."

पृथ्वीराज नावाचा एका शोरूममधला विक्रेता खूश. म्हणाला, "काका, मावशी लई समाधानी हायत. असं गिऱ्हाईक मिळत न्हाय." मला त्याच्या तोंडात टेप कोंबावीशी वाटली. रागावून तरी काय करणार, पोराला काय ठाऊक.

मी तिच्या तोंडाकडं बघून काही कळतंय का ते बघायचो. एका गाडीत ती हसली. मी म्हटलं, ठरलं, हीच. बाहेर आल्यावर दुसऱ्या गाडीच्या पुसलेल्या काचेत स्वतःला बघूनही ती तशीच हसली. मी टेप गुंडाळून खिशात घातली.

शेवटी मापावर विश्वास ठेवला. मधली सेडान घेतली. बैठक खाली होती म्हणून दुकानात स्वतः बसून उतरत्या फोमची गादी केली, वर मऊ कापड चढवलं. अंबाड्याऐवजी वेणी घालायची ठरलं. एवढं काम मी आमदाराच्या गाडीलाही केलं नव्हतं.

गाडी ताब्यात घेतली त्याच दिवशी मलकापूरला जायचं ठरवलं होतं. हार घातला, नारळ फोडला. सम्राट आईला दंडाला धरून गाडीपाशी घेऊन आला. तिनं डावा हात पुढं केला आणि पुढच्या दाराची कडी धरली. घट्ट.

"अगं, ते न्हाय, मागं. मागं लई जागा हाय तुला," मी म्हटलं आणि तिची बोटं एकेक करून सोडवली. सम्राट म्हणाला, "आप्पा, आईला दार समजंना झालंय." मीही मान हलवली.

"चालतंय की," ती म्हणाली. आम्ही तिला माझ्या गादीवर बसवलं. मी पुढं बसलो. म्हणजे मी पुढंच बसतो. जीप असो, शीटा भरून धावणारं वडाप असो, पाव्हण्यांची गाडी असो, पुरुष माणूस पुढं आणि बाईमाणूस पोरांसंगं मागं. लग्न झाल्यापासून मी म्हणत आलो, "तू मागं बस," आणि ती म्हणत आली, "चालतंय की."

बांबवडं आलं आणि मागून हुंदका आला.

माझा तोल गेला. "आता काय दुखतंय? वीतभर जागा हाय! गादी हाय! आणि काय करू मी, सांग की!" मी ओरडत होतो आणि रडतही होतो. सम्राटनं गाडी बाजूला घेतली. मी उतरून मागचं दार उघडलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. डावा हात उचलून ती माझ्या सीटच्या पाठीवर थापट्या मारत होती.

चार महिने मी गाड्या मोजत होतो, आणि मोजताना पुढची सीट कुठं ठेवायचो? माझे पाय बसतील तिथं.

आम्ही तिला पुढं आणलं. सीट पार मागं सरकवली, पाठ कलती केली. पाय आपसूक लांब झाला. फोमची गादी लागलीच नाही. मी मागं तिच्या पाठीमागं बसलो आणि सीट सरकल्यामुळं माझे गुडघे छातीला आले.

रडणं थांबलं. पुढं रस्ता होता, दोन्ही बाजूंना ऊस होता, ती मान वळवून वळवून बघत होती, एवढं मला दिसलं. तोंड दिसत नव्हतं. मागून फक्त वेणी दिसते आणि कान दिसतो. माझी मान तिनं अशी किती वर्षं बघितली असेल.

"आता बरं वाटतंय न्हवं?" मी विचारलं.

"चालतंय की."

सम्राट हसला, म्हणाला, "बघा, जमलं." आजचं 'चालतंय की' कदाचित खरं असेल. पण संसारात ती ते हजारदा म्हणाली, आणि दर वेळी मी ते 'हो' म्हणूनच ऐकलं. त्यातली कुठली 'नाही' होती, हे आता तिला सांगता येणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नाही.