खारफुटीतला खोकला

संध्याकाळचे पाच वाजले की कान्यो सालादो खाडीच्या खारफुटीत पाय ठेवायला जागा उरत नसे. पाहुण्यांना पक्षी दाखवता यावेत म्हणून आम्ही वाटाड्यांनी तिथे चिखलावर फळ्यांची पायवाट बांधली आहे. एका वेळी आठच माणसं, हा आमचा नियम. त्या दिवशी तिच्यावर शंभरावर माणसं होती. तीन गावच्या बायका मेणबत्त्या घेऊन आल्या होत्या, म्हातारे घरच्या खुर्च्या उचलून आले होते आणि कच्ची केळी तळून विकणारी बाई तर चुलीसकट हजर होती. फळ्या कुरकुरत होत्या.

सगळ्यांच्या पुढे पांढऱ्या सदऱ्यात एर्मानो लिसान्द्रो उभा होता. एर्मानो म्हणजे बंधू. कुणाचा बंधू, ते कुणी विचारलं नव्हतं.

“फोन बंद करा, लेकरांनो!” तो ओरडला. “आत्म्याला फोनच्या लहरी सोसत नाहीत! काल कुणीतरी चालू ठेवला होता. बिचाऱ्याला परलोकाच्या दारातून तीनदा माघारी फिरावं लागलं!”

“तरीच काल उशीर झाला,” केळीवाली म्हणाली. “माझं तेल थंड झालं होतं.”

लिसान्द्रोने जाड चामड्याच्या वेष्टनातलं बायबल छातीशी धरलं, डोळे मिटले आणि हाक मारली, “येइनर! तुझी आई आली आहे रे!”

मग समोरच्या मुळांच्या जाळीतून शीळ आली. दोन आखूड, एक लांब. तिच्यामागोमाग चिलाकोआ पक्ष्याचा तो कर्कश दुहेरी ओरडा. आणि खरोखरच, एरवी जन्मात कुणाला दर्शन न देणारा तो लाल पायांचा पक्षी झुडपातून धावत बाहेर आला, शेपटीला झटके देत चिखलात गरागरा फिरला आणि गुडघे टेकून बसलेल्या एका बाईसमोर थबकला.

“माझं बाळ ते,” ती बाई म्हणाली. तिचा उजवा पाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला होता आणि पिशवीवर माश्या बसल्या होत्या.

ती एदुविना, माझी कोमाद्रे. तिच्या येइनरला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातांवर धरलं होतं. तेव्हापासून मी त्याचा पाद्रिनो, म्हणजे धर्मबाप, आणि त्याची आई नि मी एकमेकांचे कोमाद्रे-कोम्पाद्रे. आमच्या या किनाऱ्यावर हे नातं रक्ताच्या नात्यापेक्षा जड असतं. येइनर मोठा झाला तसा मी त्याला माझ्या होडीवर घेतलं. सकाळी पाहुण्यांना पक्षी दाखवायचे, दुपारी जुन्या किल्ल्याच्या भिंती आणि शिंपल्यांच्या टेकड्या. तीन वर्षांत तो माझ्यापेक्षा चांगला वाटाड्या झाला. मला पक्षी दिसायचा, त्याला ऐकू यायचा. संध्याकाळी खाडीच्या वळणावर पोहोचला की तो शीळ घालायचा, दोन आखूड, एक लांब. ती ऐकली की घरात एदुविना कॉफीचं भांडं चुलीवर ठेवायची.

जानेवारीच्या वाऱ्यात तो बेटावरचे पक्षी मोजायला एकटा गेला. होडी सापडली. तो सापडला नाही.

देहाशिवाय नऊ दिवसांची प्रार्थना झाली. नवव्या दिवशी फुलं, मेणबत्त्या, पांढरी चादर, सगळी वेदी मोडून टाकायची, म्हणजे मेलेला मोकळा होतो, अशी आमच्याकडे रीत. एदुविनाने वेदीला हात लावू दिला नाही. “मेलाय हे कुणी पाहिलं?” ती म्हणायची. कुणी पाहिलं नव्हतं. वेदी तशीच राहिली.

ऑगस्टमध्ये लिसान्द्रो उगवला आणि त्याने तिला सांगितलं, की येइनर चिलाकोआ होऊन खारफुटीत राहतो आहे. एकोणपन्नास सांजा सलग, अनवाणी चिखलात उतरून भेटलं, तर समुद्र त्याचा देह परत देईल. एक सांज चुकली, तर तो वाट विसरेल.

मी काय केलं? मी हसलो. होड्या बांधायच्या झाडाखाली बसून मी येणाऱ्या-जाणाऱ्यांची टिंगल केली. “असल्या तमाशाला जाणं म्हणजे त्याला मान देणं,” असं मी म्हणायचो आणि स्वतःवर फार खूश व्हायचो. एकतीस सांजा मी असा शहाणपणा मिरवला. बत्तिसाव्या दिवशी आमच्या दवाखान्यातली परिचारिका सुनिल्दा माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

“काका, हसून झालं असेल तर ऐका. तुमच्या कोमाद्रेंना चिखलात कालवाचं शिंपलं लागलंय. साखरेचा आजार आहे. अंगठा काळा पडलाय. आजच शहरात न्यायला हवं. त्या म्हणतात, अठरा सांजा राहिल्यात, मग येते. अठरा दिवसांनी मी न्यायचं काय, ते तुम्हीच सांगा.”

म्हणून त्या सांजेला मी तिच्यासोबत गेलो. आणि ती शीळ कानांवर पडताच मी ओळखली. ती येइनरचीच होती. नक्कल नव्हे, भास नव्हे. लोक वेडे नव्हते. एदुविना तर मुळीच वेडी नव्हती. त्या आईचे कान शंभर टक्के खरे होते.

शिळेनंतर कुत्रा दोनदा भुंकला. गर्दीत हुंदका फुटला. “कानेलो! त्यांचा कानेलोपण आहे सोबत!” कानेलो, त्यांच्या घरचा कुत्रा, ईस्टरच्या आठवड्यात म्हातारपणाने मेला होता.

“मुकं जनावरसुद्धा धन्याला सोडत नाही!” लिसान्द्रोने लगेच तो धागा उचलला. “स्वर्गात कुत्र्यांनाही जागा आहे, पापी माणसांना मात्र...”

आणि मग, कुत्र्याच्या भुंकण्यापाठोपाठ, खारफुटीतून कुणीतरी खोकलं. कोरडा, तीन ठसक्यांचा खोकला.

माझ्या गावात तो खोकला सगळ्यांना ठाऊक आहे. पंचवीस वर्षं तंबाखू ओढून मी तो कमावला आहे. झाडाखालून मीच खोकतोय, असं समजून आजवर कुणी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

मी फळ्यांवरून पुढे झालो. “कोमाद्रे,” मी म्हणालो, “माझ्याकडे बघा. मी इथं उभा आहे, तोंड मिटून. मग तिकडे खोकलं कोण?”

केळीवाली माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “अगंबाई! हा तर ओविदिओचा खोकला!”

“अहो, पण ओविदिओ जिवंत आहे की!” मागून एक म्हातारा म्हणाला.

“कधी मेला?” कुणीतरी विचारलं. लोक हसले. शंभर माणसांच्या श्रद्धेचा फुगा एका खोकल्याने फुटावा, हे खरंच हसण्यासारखं होतं. मला हसू आलं नाही.

“सैतान माणसांचे आवाज काढतो!” लिसान्द्रो किंचाळला. “चिखलात उतरू नकोस, पापी माणसा! भस्म होशील!”

मी उतरलो. भस्म झालो नाही, गुडघ्यापर्यंत चिखल मात्र झाला. मुळांच्या बेचक्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, वर शेवाळ चिकटवलेलं. डब्यात मुठीएवढा स्पीकर, तारेशिवाय चालणारा. तो मी वर धरला तेव्हा त्यातून पुन्हा शीळ वाजली, कारण लिसान्द्रोचं बोट घाबरून बायबलच्या वेष्टनातल्या फोनवर पडलं होतं. सुनिल्दाने ते बायबल त्याच्या हातून ओढून घेतलं. आत पवित्र वचनं नव्हतीच. पानं कोरून फोन बसवला होता. आपले फोन का बंद करायचे, तेही आता सगळ्यांना कळलं. कुणी आवाज टिपून घरी पुन्हा ऐकला असता, तर रोज तीच शीळ, तोच कुत्रा आणि तोच खोकला निघाला असता.

“पण पक्षी? पक्षी तर खरा होता ना?” एका बाईने विचारलं.

“खरा. पण तो भेटायला येत नव्हता,” मी म्हणालो. “आपल्या जागेत दुसरा चिलाकोआ ओरडतोय असं वाटून त्याला हुसकायला येत होता. आम्ही वाटाडे पाहुण्यांसाठी असंच बोलावतो. फार तर दोनदा, आणि घरटं असेल तेव्हा कधीच नाही.”

घरटं होतं. पुढे मला ते सापडलं. आत पाच अंडी होती, गार पडलेली.

आता राहिलं माझं पाप. ते मी त्याच फळ्यांवर सगळ्यांसमोर सांगितलं. जुलैत लिसान्द्रो माझ्याच होडीत पाहुणा म्हणून बसला होता. मी त्याला फोनवर येइनरने टिपलेला हा आवाज वाजवून चिलाकोआ दाखवला. त्याने विचारलं, शीळ कुणाची? मी डोळे पुसत सगळं सांगितलं, येइनर, वारा, आईची कॉफी, न मोडलेली वेदी. “मलाही पाठवा ना आठवण म्हणून,” तो म्हणाला, आणि मी पाठवला. त्याची दिव्यदृष्टी ती हीच. ती मीच त्याला दिली होती.

“सबंध आवाज ऐकव,” एदुविना म्हणाली. पहिल्यांदाच ती मला ‘तुम्ही’ म्हणायची विसरली.

मी फोन काढला. पाहुण्यांसमोर वाजवताना मी दर वेळी खोकल्यापाशी थांबवायचो. पुढचं आठ महिन्यांत एकदाही ऐकलं नव्हतं. लिसान्द्रोनेही खोकल्यापुढचं कापून टाकलं होतं. पक्ष्यांचे आवाज टिपणारे शेवटी नोंद बोलून ठेवतात. येइनर ती कधी चुकवायचा नाही. शीळ, पक्षी, कुत्रा, खोकला, आणि मग त्याचा हसू दाबलेला आवाज आला:

“चिलाकोआ, दोन. कान्यो सालादो, नोव्हेंबर, संध्याकाळचे साडेपाच. आवाज टिपणारा येइनर. सोबत कानेलो, आणि माझे पाद्रिनो, ज्यांना खोकला आवरत नाही. पाद्रिनो, डॉक्टरकडे चला हो एकदा. बास, घरी जाऊ. आईने कॉफी ठेवली असेल.”

एदुविनाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत लिसान्द्रो नव्हताच. तो तेवढ्यात गर्दीतून सटकला होता, आणि त्याची आठवण कुणालाच राहिली नव्हती.

“हा तुमच्याकडे होता,” ती म्हणाली. “आठ महिने माझ्या पोराचा आवाज तुमच्या खिशात होता, कोम्पाद्रे. परक्या पाहुण्यांना ऐकवलात. मला नाही.”

“तुमचं दुःख उकरायला नको म्हणून...”

“माझं?” ती म्हणाली.

खरं तर माझं दुःख उकरायला नको, म्हणून मी तो लपवला होता. तिला भूक लागली होती आणि माझ्या घरात भाकर होती. मी दिली नाही, म्हणून तिने चोराच्या हातून घेतली.

त्याच संध्याकाळी तिला शहरात नेलं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे आधी आणलं असतं तर अंगठ्यावर भागलं असतं. गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

वाचकहो, पत्र्याचा डबा शोधायला विद्वान लागत नाही. चमत्कार रोज तसाच्या तसा घडतो आहे का, फोन बंद का करायला लावतात, आपल्या घरची गोष्ट बाबाला कुणी सांगितली, एवढे तीन प्रश्न पुरतात. ते वेळेवर विचारा. आणि ज्यांना हे प्रश्न सुचतात, त्यांनी माझ्यासारखं झाडाखाली बसून हसू नये. पहिल्या सांजेला उठून जावं आणि रडणाऱ्या माणसाशेजारी बसावं. तुम्ही बसला नाहीत, तर ती जागा लिसान्द्रो घेतो.

डिसेंबरात एदुविना कुबड्या घेऊन घरी आली. तिने वेदी स्वतः मोडली. फुलांचा चुरा झाला होता. चादर तिने धुऊन घडी घालून ठेवली. मग मला म्हणाली, “लावा. पण दार लोटा आधी, पक्ष्याला ऐकू जायला नको.”

मी आवाज लावला. शीळ आली, आणि ती एका पायावर उठून कॉफीचं भांडं चुलीवर ठेवायला गेली. कानेलो भुंकला, मी खोकलो, येइनर बोलला, संपलं. कॉफी उकळली. तिने दोनच पेले भरले, एक माझ्यापुढे सरकवला.

मला खोकला आला. तो थांबेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली.

“पोरगा सांगून गेलाय ना,” ती म्हणाली. “उद्या सुनिल्दाकडे जायचं, कोम्पाद्रे. मी येते सोबत.”