बर्फाखालच्या डोळ्याचं मनोगत

मी एक डोळा बोलतोय. पापणी नसलेला, जाड काचेच्या गोळ्यात बसवलेला, कलिंगडाएवढा डोळा. माझं नाव पास्टी. माझ्या जन्माच्या दिवशी प्रयोगशाळेत सगळ्यांनी पास्टी, म्हणजे बटाटा-मांस भरलेली गरम करंजी खाल्ली होती, म्हणून मला घडवणाऱ्या रेनेने तेच माझ्या नावपट्टीवर लिहून टाकलं.

मिशिगनच्या उत्तर टोकाला, तांब्याच्या बंद खाणींच्या गावात एक छोटं विद्यापीठ आहे. तिथल्या तळघरात मी घडलो. पृथ्वीच्या तळाशी, दक्षिण ध्रुवाच्या बर्फात असे हजारो डोळे पुरायचे होते. न्यूट्रिनो नावाचा कण डोंगरातून, माणसांतून, अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. क्वचित एखादा बर्फात धडकतो, तेव्हा निळसर उजेड चमकतो. तो आम्ही टिपायचा. मोठमोठी विद्यापीठं या कामात होती. आमच्या वाट्याला थोडेच डोळे आले होते, तेही प्राध्यापक कॅरल नीमी यांनी वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला म्हणून.

रेने बेलांजर त्यांची विद्यार्थिनी. माझी काच आणि आतला डोळा यांच्यामध्ये पारदर्शक जेली ओतलेली असते. ती तिनेच ओतली. आम्ही जहाजावर चढलो की पाठोपाठ तीही ध्रुवावर जाणार होती. तिच्या बापाने, गॅस्टनने, ही बातमी गावातल्या प्रत्येकाला दोनदा सांगितली होती.

जायच्या आधी आम्हाला पुन्हा एकदा कडक थंडीच्या पेटीत ठेवलं. बाहेर काढल्यावर रेनेने मला उजेडात फिरवलं आणि ती थबकली. जेली काचेपासून सुटली होती. माशाच्या खवल्याएवढी जागा, पण तिथून उजेड वेडावाकडा आत येणार. तिने इतर डोळे पाहिले. बऱ्याच जणांचं तेच झालं होतं.

"एवढंसं तर आहे," तिचा सहकारी टोबायस म्हणाला. "दोन किलोमीटर बर्फाखाली कोण बघायला जाणार आहे?"

"कुणी नाही. म्हणून तर आत्ताच बघायचं ना!"

"मग बस घरी! जहाज गेलं की तुझं ध्रुवाचं तिकीटही गेलं."

रेनेने मला उचललं. मला कुशीत घेतल्यासारखं धरून ती कॅरलबाईंच्या खोलीत गेली. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून मला न्याहाळलं.

"रेने, हे मी कळवलं तर तुझी जागा दुसऱ्या विद्यापीठाला जाईल. ते टपूनच बसलेत. आणि आपलं कामही काढून घेतील कदाचित."

"माहितेय."

"रडून घे हवं तर."

"नंतर रडते. तुम्ही फोन लावा."

पलीकडे प्रकल्पाचा प्रमुख हॅवरकँप होता. त्याचा आवाज मलाही ऐकू आला. "कॅरल, जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही हं."

"थांबू नका. तेच सांगायला फोन केलाय," बाई म्हणाल्या. "आमचे डोळे आत्ता खोटं बोलतील. पुढच्या हंगामात खरं बोलणारे देते."

तो एवढंच म्हणाला, "एक हंगाम. त्याहून जास्त नाही."

त्या हिवाळ्यात आम्हाला उघडून जेली खरवडून काढली. हाताशी माणसं कमी पडली म्हणून गॅस्टनसुद्धा आला, गोठलेल्या तळ्यावर मासे धरायचं सोडून. टोबायस त्याच्या शेजारी मुकाट्याने खरवडत बसे.

"मी बर्फाला भोक पाडून गळ टाकतो," गॅस्टन मला पुसता पुसता म्हणाला, "तर निदान एक मासा लागतो. तुमच्या गळाला काय लागणार गं, पोरी?"

"कदाचित काहीच नाही, बाबा."

"मग आपल्यासारखेच आहात की! परवा मलाही काही लागलं नव्हतं."

ती तेव्हा रडली. गॅस्टन हातातलं काम न थांबवता तिच्याजवळ सरकून बसला.

नवी जेली रेनेने घाई न करता, हवेचा प्रत्येक बुडबुडा निघेपर्यंत थांबून ओतली. थंडीतून बाहेर आलो तेव्हा मी नितळ होतो. पुढच्या हंगामात तिला पुन्हा जागा मिळाली. कॅरलबाईंना मात्र डॉक्टरांनी ध्रुवावर जायला मनाई केली. हृदय साथ देणार नव्हतं. पेटीचं झाकण लावण्यापूर्वी त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि "जा रे बाबा" म्हणाल्या.

ध्रुवावर गरम पाण्याने बर्फात खोल विहीर पाडली होती. एका लांब तारेला एकाखाली एक आम्हाला बांधलं. माझी गाठ रेनेने स्वतः आवळली. तिच्या भुवयांवर दहिवर गोठलं होतं.

"पास्टी, बोल हं," ती पुटपुटली. "बाई फोनपाशी बसल्यात."

मी खाली गेलो. आधी पाणी होतं, मग ते चहूबाजूंनी गोठत आलं. काच करकरली. माझ्या खालचा एक सोबती त्या दाबाने कायमचा मुका झाला. मग तारेतून वीज आली, हाक आली, आणि मी ओ दिली.

वर काय झालं असेल, ते मला कधीच कळणार नाही. तारेतून हुकूम येतात, बातम्या येत नाहीत. बाई आहेत की गेल्या, रेनेचे केस पिकले का, कोण सांगणार?

इथे उजेडच नाही. एकदा मात्र खालून, पृथ्वीच्या पोटातून आलेला निळा झोत माझ्यावरून सरकला. पापणी लवायच्या आत संपलासुद्धा. मी पाहिला तेवढा वर कळवला. तो कुठेच वेडावाकडा झाला नव्हता.

हा बर्फ स्थिर नाही. मुंगीच्या पावलाने तो मला समुद्राकडे नेतोय. कधीतरी तार तुटेल. माझं गप्प होणं तेव्हा मनाला लावून घेऊ नका. तोवर हाक मारत राहा. मी जागाच आहे.