मंगळावरचा बांध

मी विमान उडवायच्या गेमसाठी परग्रहांची जमीन तयार करते. जळगाव जामोदमध्ये हे सांगितलं की लोक विचारतात, "सरकारी हाय का?" नाही. पुण्याची एक कंपनी आहे आणि मी घरून काम करते. उपग्रहांनी मोजलेल्या उंचीवरून डोंगर, दऱ्या, विवरं उभी करायची आणि खेळणाऱ्याला त्यांवरून विमान नेता आलं पाहिजे, एवढंच.

मार्चमध्ये मंगळावरची एक दरी करत होते. मोजणीत एक पट्टा कोराच होता. असे पट्टे नेहमी असतात. ते आपण मनाने भरायचे. मला मनाने भरलेलं आवडत नाही, लगेच ओळखू येतं. मग मी सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या माळाची ड्रोनने केलेली मोजणी उचलली, उंची वाढवली, रंग तांबडा केला आणि त्या पट्ट्यात बसवली. इतका अस्सल मंगळ मी आधी कधी केला नव्हता. पुण्याहून एकच शेरा आला: मधोमध सरळ रेघ दिसते, ती काढा.

ती रेघ म्हणजे आमचा बांध. मी तो पुसायलाच विसरले होते. त्याच्या अलीकडे बाबांचं वावर, पलीकडे पुंजाजीकाकांचं, आणि बांधावर आजोबांनी लावलेला कडुनिंब होता. नऊ वर्षांपूर्वी बाबांनी तो कडुनिंब काकांना न विचारता तोडला. तेव्हापासून हे सख्खे भाऊ एकमेकांशी एक अक्षर बोललेले नाहीत. ज्या काकांनी मला खांद्यावर बसवून सगळा बाजार दाखवला, त्यांच्या दारावरून मी मान खाली घालून जाते. मला याचा राग येतो, दोघांचाही.

बांध पुसायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण बाबा चहा घेऊन आले आणि त्यांनी स्क्रीन पाहिली.

"हा आपला बांध हाय."

"मंगळावरचा हाय, बाबा. काढून राह्यली."

"काऊन? दोघाईचा हाय तो. एकट्याच्या म्हनन्यानं बांध काढत नसतात."

"मंगळावर?"

"कुठीई." त्यांनी चहा खाली ठेवला. "पुंजाजीले इचारून ये. या खेपेले इचार."

मी गेले. कसं बोलायचं ते वाटेत ठरवलं आणि दारात विसरले. काका ओसरीवर सुपारी कातरत होते.

"काका, मंगळावरचा आपला बांध काढाचा हाय. बाबा म्हनते तुमाले इचार."

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. "दादानं म्हटलं? इचार म्हून?"

"हाव."

त्यांनी टोपी घातली. पाहणी केल्याशिवाय संमती देणार नाही म्हणाले.

आमच्या घरी दोघं एकाच बाजेवर दोन टोकांना बसले. मी काकांच्या हातात जॉयस्टिक दिली. पहिल्याच फेरीत त्यांनी विमान आपटलं.

"त्याले सांग," बाबा मला म्हणाले, "माह्याकडच्या अंगाले पडला."

"त्याले सांग, उचलून घेतो," काका म्हणाले.

तिसऱ्या फेरीत काकांनी विमान बांधावरून नीट नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग "काढ" म्हणाले. बाबांनी मान हलवली. मी बांध काढला. माळ एकसंध झाला, आजोबांच्या वेळी असेल तसा. दोघंही पुढे सरकून बघत होते.

"झाड नाही दिसत," काका म्हणाले.

मंगळावर झाड नसतं हे मी सांगणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "लाव, पुष्पे. जिथं होतं तिथंच."

पुण्याला पाठवायची फाईल मी आधी वेगळी करून ठेवली. मग दुसऱ्या फाईलमध्ये, तांबड्या मातीत, एक हिरवागार कडुनिंब लावला. अगदीच विजोड दिसत होता.

बाबा स्क्रीनजवळ सरकले. मग, मला मध्ये न घालता, म्हणाले, "पुंजा, याले पानी कोन टाकन?"

काकांनी डोळ्यांवरून धोतराचा सोगा फिरवला.

"एक दिस तू, एक दिस मी."

मंगळावर पाणी वाहत नाही. कोणी चुकीचं बोललं की मला गप्प बसवत नाही. त्या दिवशी मी बसले.