बॉनेटवरचे तांबडे ठिपके

तिसऱ्यांदा ठिपके उमटले तेव्हा शिवलीलानं गाडी थेट आकाराम पेंटरच्या दारात आणून उभी केली. दोन सीटची पांढरी स्पोर्ट्स कार तिनं हौसेनं पुण्याहून जुनी घेतली होती. वर्षात आकारामनं बॉनेट आणि टप दोनदा घासून रंगवलं, तरी खसखशीएवढे तांबडे ठिपके पुन्हा हजर. धुऊनही जात नव्हते. तुमचा रंगच भेसळीचा, असं ती सगळ्यांदेखत बोलली.

आकाराम तीस वर्षं गाड्या रंगवत होता.  त्यानं एक ठिपका नखानं हळूच खरवडला, तो निघाला. खालचा रंग शाबूत होता.

"आतनं गंज असता तर रंग फुगला असता," तो म्हणाला. "ह्यो वरनं पडलाय."

जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून त्यानं बॉनेटवरून फिरवलं. फडक्याला काळी बारीक भुकटी चिकटली. लोखंडाची.

"दिवसभर गाडी कुठं उभी असतीया?"

शिवलीला कागलच्या एमआयडीसीत लोखंड ओतायच्या एका फाउंड्रीत तपासणी विभागाची प्रमुख होती. शेडमागची सावलीतली जागा तिनं मॅनेजरशी भांडून मिळवली होती. तिथं धूळबीळ काही नसते, असं तिनं ठासून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तरीही तिनं बॉनेटवर ओला पांढरा रुमाल पसरला. चार वाजता तो करडा झाला होता आणि घरी नेल्यावर सकाळपर्यंत त्यावर तांबूस डाग धरले. कामावर गाडी लावताच तिनं वर पाहिलं. ओतलेले भाग ग्राइंडरनं घासतात त्या खोलीचा पंखा आतली धूळ बरोब्बर गाडीच्या डोक्यावर फेकत होता. त्या खोलीत ती रोज चार चकरा मारायची, लोकांच्या कामातल्या चुका काढायला. तिला स्वतःचाच असा संताप आला, की दुपारचा डबाही तिनं उघडला नाही.

शनिवारी ती आकारामकडे गेली आणि चुकलं म्हणाली.

"चुकलं ते असू दे," तो म्हणाला. "पर दोनदा चांगला रंग घासाय लावलासा की मला. सगळ्यांम्होरं बोललासा ते येगळंच."

तिनं मान खाली घालूनच गाडीची किल्ली पुढं केली. त्यानं फडकं कसल्याशा पातळ आम्लात बुडवलं आणि तासाभरात बॉनेट स्वच्छ करून दिलं.

सोमवारपासून गाडी गेटजवळच्या उन्हात उभी राहू लागली. संध्याकाळी सीट इतकी तापलेली असायची की शिवलीला टॉवेल टाकून, चरफडत बसायची.