स्विच कोणी बंद करायचा

उस्तादांनी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, पण पानभर मजकूर लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. आली तीही बावन्नाव्या वर्षी, आणि एका हाताने. दोन वर्षांपूर्वी लिफ्टच्या छतावर काम करताना त्यांचा उजवा खांदा चेमटला होता. हात खांद्याच्या वर जाईना, बोटंही बधिर झाली, आणि ज्याचा हात वर जात नाही त्याला लिफ्टवर कोण चढवणार? कंपनीच्या साहेबांनी दोन वर्षं चालवून घेतलं आणि मग एक दिवस सरळच सांगितलं. दुरुस्तीच्या पुस्तिका लिहिणाऱ्याचं टेबल रिकामं आहे. कॉलेजचा व्यावसायिक आणि तांत्रिक लेखनाचा ऑनलाइन कोर्स पास झालात तर ते तुमचं, नाहीतर घरी बसा.

घरी बसणं हा प्रकार उस्तादांना माहीतच नव्हता. त्यांनी जेवणाच्या टेबलावर मुलीचा जुना लॅपटॉप मांडला आणि डाव्या हाताने टायपिंग सुरू केलं. पहिल्या दिवशी 'ज्ञ' शोधण्यात अर्धा तास गेला. वर्गात तेवीस जण, सगळे त्यांना 'काका' म्हणणारे. शिकवणाऱ्या बाई पडद्यावरच्या चौकोनात दिसायच्या. आवाज मऊ, शेरे तिखट.

अडचण टायपिंगची नव्हतीच. बोलताना उस्ताद म्हणजे एक घाव दोन तुकडे, पण कागद समोर आला की अंगात कारकून संचारायचा. जन्मभर 'पाना दे' म्हणणारा माणूस 'सदर पाना उपलब्ध करून देण्यात यावा' असं लिहायचा. लिहिणं म्हणजे हेच, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. बाई मात्र अशा प्रत्येक वाक्याखाली लाल अक्षरांत एकच शब्द टाकून पान परत पाठवायच्या: कोणी?

"या बाईंना दुसरं काही विचारता येत नाही का?" उस्ताद एकदा वैतागून म्हणाले.

"आधी एकाचं उत्तर द्या, मग त्या दुसरं विचारतील," बायको म्हणाली.

पाचव्या आठवड्यात घरातल्या घरात करायचा एक प्रयोग आला. घरातल्या कुणाला तरी येत नसलेलं काम कागदावर लिहून द्यायचं, त्या माणसाने निव्वळ कागद वाचून ते करायचं, आणि लिहिणाऱ्याने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. उस्तादांनी स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाचा वॉशर बदलायचं काम निवडलं. बायकोने चष्मा लावला आणि कागद मोठ्याने वाचला. "एक. मेन कॉक बंद करण्यात यावा. दोन. नळाचा वरचा भाग पान्याने फिरवून काढण्यात यावा."

मेन कॉक होता न्हाणीघरात. तो बंद करणं हे नवऱ्याचं काम, असं तिने वाचता वाचताच ठरवून टाकलं, आणि ती थेट दोन नंबरवर गेली. पाना तिने झकास फिरवला. पुढच्या क्षणी नळाच्या जागी कारंजं उडालं आणि ती केसांपासून पावलांपर्यंत भिजली. उस्तादांना नियम आठवला, मग ते तो विसरले आणि न्हाणीघराकडे धावले.

"अहो, बंद का नाही केलात?"

"मी? लिहिलं होतं ना, बंद करण्यात यावा म्हणून."

"हो, मग मी वाट बघत होते ना तो बंद होण्यात येण्याची."

ती हसायला लागली तसे तेही हसले. पण हसता हसता मध्येच त्यांचं हसू थांबलं, आणि ते ओल्या लादीवर स्टूल ओढून बसले. बायकोला वाटलं खांदा दुखावला. खांदा नव्हता दुखावला. दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवली होती.

त्या सकाळी ते लिफ्टच्या छतावर उभे होते आणि त्यांचा कामावरचा जोडीदार वरच्या मोटरच्या खोलीत होता. जोडीदार त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बारा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलेला. लिफ्ट थांबवायला दोन स्विच होते, एक वरच्या खोलीतला मोठा आणि एक छतावरचा लाल, उस्तादांच्या गुडघ्यापाशी. त्यांनी वर तोंड करून हाक दिली होती, "स्विच बंद करायचा हं!" जोडीदार "हो" म्हणाला होता. त्याला वाटलं उस्ताद लाल स्विचबद्दल बोलताहेत. उस्तादांना वाटलं तो मोठा बंद करतोय. खाली कुणीतरी बटण दाबलं आणि लिफ्ट निघाली.

कंपनीच्या अहवालात पुढे वाक्य आलं: 'स्विच बंद करण्यात आलेला नव्हता. मोटरच्या खोलीत जोडीदार उपस्थित होता.' दोन्ही वाक्यं खरी. पण वाचणाऱ्याने ती एकमेकांना चिकटवली आणि जोडीदाराला दुरुस्तीच्या कामावरून काढून तळघरातल्या सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. उस्तादांनी तेव्हा दवाखान्यातून सही केली होती. त्यानंतर ते त्याच्याशी बोललेही नव्हते. मनात एकच होतं, याने माझा हात घालवला.

कोर्सच्या शेवटच्या कामाची सूचना त्याच आठवड्यात आली. आपल्या कामाच्या ठिकाणचा एक खरा कागद घ्या, प्रत्येक कामाला करणारा माणूस द्या, आणि त्या वेळी हजर असलेल्या एकाची 'हे असंच घडलं' म्हणून सही आणा. उस्तादांनी अपघाताचा अहवाल घेतला. एका वाक्यापाशी त्यांना चार दिवस लागले. खरं काय ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. चार दिवस गेले ते बोटं त्या अक्षरांवर न्यायला. त्यांना स्वतःची लाज वाटली. शेवटी त्यांनी लिहिलं, 'छतावरचा लाल स्विच माझ्या गुडघ्यापाशी होता. मी तो बंद केला नाही. स्विच बंद करायचा, एवढंच मी ओरडलो. कोणता आणि कोणी, ते मी सांगितलं नाही.'

कंपनीचा कागद बाहेर द्यायचा, म्हणून परवानगीसाठी आधी ते साहेबांकडे गेले. मूळ अहवालावर साहेबांचीही सही होती. साहेबांनी पान वाचलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं.

"उस्ताद, मिटलेलं प्रकरण आहे. दुसरा कुठला तरी कागद घ्या. वंगणाचं वेळापत्रक घ्या."

"साहेब, मला हाच द्यायचा आहे."

"सुरक्षेच्या पुस्तिका लिहिणारा माणूस स्वतःच स्विच बंद करत नाही, हे मी वर कसं सांगू? हे कॉलेजला गेलं की इथेही फाईलला लागणार. मग ते टेबल विसरा."

उस्तादांनी पान सुलटं करून उचललं. "विसरलो," ते म्हणाले.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. तिने एकच विचारलं, "टेबल गेलं तर पुढे काय?"

"पुढे लिहिता येतंय. लिफ्ट काही एकाच कंपनीच्या नसतात," ते म्हणाले. हे म्हणताना त्यांना भीती वाटत होती आणि तिला ती दिसत होती. तरी 'तोच कागद द्या,' असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जिना उतरून तळघरात गेले. जोडीदार गोदामाच्या खिडकीत बसून बेअरिंगांच्या खोक्यांवर नंबर टाकत होता. त्याने मान वर केली आणि सवयीने विचारलं, "कोणता भाग हवाय?" मग समोर कोण आहे ते दिसलं तसा तो उठून उभा राहिला.

"सही हवी आहे," उस्ताद म्हणाले. "पण आधी वाच. खोटं असेल तर करू नकोस."

जोडीदार ओळीखाली बोट धरून वाचू लागला. अर्ध्यावर त्याचं बोट थांबलं. तो पुन्हा वर गेला आणि पहिल्यापासून वाचत खाली आला. मग पेन घेऊन त्याने सही केली आणि खाली आपल्या हाताने एक ओळ लिहिली: 'कोणता स्विच, हे मी विचारलं नाही.'

"हे लिहायची गरज नव्हती," उस्ताद म्हणाले.

"खरं आहे ना? मग असू द्या." कागद मात्र तो सोडेना. "उस्ताद, याची एक प्रत मला मिळेल?"

"तुला कशाला?"

"घरी वाचून दाखवायची आहे. पोरगी विचारते, बाबा, उस्तादकाकांचा हात तुमच्यामुळे गेला का. मी हो म्हणायचो." त्याने कागदावरून नजर काढली नाही. "मलाही तसंच वाटत होतं."

उस्तादांनी कागद घेतला आणि त्याची प्रत काढायला ते जिना चढू लागले.