पुढच्या दोन दातांमधली फट

रविवारी सकाळी शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत पाच माणसं जमत. कापडाचे तागे भिंतीला टेकवले, शिवणयंत्रावर झाकण घातलं आणि पांढरी चादर ताणून बांधली की पडदा तयार होई. मग त्यावर एकाच नटाचे जुने भुतांचे सिनेमे चालत. दुसऱ्या कुणाचा सिनेमा लावायचा नाही, हा नियम कुणी केला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता.

हा नट कधी मोठा झाला नाही. त्याचे सिनेमे आठवडाभर चालायचे आणि उतरायचे. त्यात तो कधी रक्त पिणारा सरदार असे, कधी स्मशानाचा रखवालदार, कधी मेलेल्या बायकोशी गप्पा मारणारा डॉक्टर. भिंती पुठ्ठ्याच्या आहेत हे दिसायचं, वटवाघळाचा दोरा दिसायचा. पण तो पडद्यावर आला की दोरा दिसेनासा व्हायचा. या पाच जणांचं म्हणणं एवढंच होतं, आणि ते त्यांना पुरत होतं. पहिल्या सिनेमातल्या भूमिकेवरून ते त्याला ‘सरदार’ म्हणत.

त्यांची कौतुक करण्याची एक रीत होती. प्रत्येकाकडे सरदारांचा एकेक अवयव वाटून दिलेला होता. शिंप्याकडे खांदे होते, कारण काळी शाल खांद्यावरून किती घसरू द्यायची हे सरदारांइतकं कुणाला कळत नाही असं तो म्हणे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याकडे पाय होते. जिना उतरताना सरदारांचं डोकं वरखाली होत नाही, हे त्यानेच प्रथम दाखवून दिलं. ग्रंथालयातल्या बाईंकडे हात, चष्मेवाल्याकडे डोळे. आणि दातांच्या डॉक्टर असलेल्या बाईंकडे तोंड. सिनेमा संपला की प्रत्येकाने आपापल्या अवयवाबद्दल बोलायचं. दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकायचा नाही. एकदा चष्मेवाला सरदारांच्या बोटांवर घसरला, तर ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, “तुम्ही डोळ्यांचं बघा. हात माझे आहेत.”

डॉक्टरांचं भाषण सगळ्यांत लांबायचं. सरदारांच्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती. ‘स’ म्हणताना तिच्यातून वारा जायचा आणि बारीक सळसळ व्हायची. “सावकाश ये. सकाळ अजून फार लांब आहे,” हे वाक्य ते म्हणाले की खोलीतल्या पाचही जणांच्या अंगावर काटा येई. शिवाय बोलताना त्यांचा वरचा ओठ हलत नसे. “ओठ मेलेला आणि शब्द जिवंत,” असं डॉक्टर म्हणायच्या. एवढं झालं की शिंपी चहा मागवायचा.

एका मंगळवारी डॉक्टरांच्या दवाखान्यात एक म्हातारे गृहस्थ मुलीबरोबर आले. गाल आत गेलेले, तोंडात एकही दात नाही. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “त्राथ नाही ना होणार?”

त्यांचा वरचा ओठ हलला नाही. डॉक्टरांच्या हातातला आरसा ट्रेमध्ये पडला.

“तुम्ही सरदार!” त्या म्हणाल्या.

“होतो,” म्हातारे म्हणाले. “आता आजोबा आहे.”

मुलगी सरळ मुद्द्यावर आली. तिला पाच वर्षांची लेक होती. घरात तिला मुंगी म्हणत. रोज दुपारी आजोबा तिला अक्षरं शिकवत. आजोबांचे उरलेसुरले दात काढल्यापासून त्यांच्या तोंडातून ‘स’ची जागा ‘थ’ने घेतली होती. मुंगी हुशार, आजोबा म्हणतील तसंच म्हणायची.

“शाळेत ‘थथा आणि थिंह’ म्हणते हो. सगळी मुलं हसतात,” मुलगी म्हणाली. “मी सांगून टाकलंय, बाबा, आधी दात, मग अक्षरं. तोवर शिकवणी बंद.”

“बंद म्हणजे अगदी बंद,” आजोबा म्हणाले. “दुपारी ती थमोर बथते, मी थमोर बथतो. एकमेकांकडे बघतो.” मग ते डॉक्टरांकडे वळले. “मला थाधे दात हवेत, डॉक्टर. बोलता आलं पाहिजे.”

‘साधे’ हा शब्द डॉक्टरांनी ऐकला. पण मोठी माणसं नम्रपणे बोलतात, तसंच हे, असं त्यांनी धरलं.

कवळी एका दिवसात होत नाही. आधी हिरड्यांचं माप घेतात. मग वरखालचा जबडा कसा मिटतो ते बघतात. मग गुलाबी मेणात दात बसवून ती मेणाची कवळी तोंडात घालून बघतात, कारण मेणातला दात हलवता येतो. एकदा ती पक्की झाली की मग मागे फिरता येत नाही. दात मेणात बसवण्याआधी डॉक्टर प्रत्येक पेशंटकडून तरुणपणचा फोटो मागत आणि विचारत, “तुम्हाला तुमचे दात आवडायचे का?” या वेळी त्यांनी फोटो मागितला नाही. त्यांच्याकडे सव्वीस सिनेमे होते. आणि फोटो नाही म्हणून प्रश्नही राहिला.

दात बसवायचं काम एरवी बाहेरचा कारागीर करायचा. या वेळी डॉक्टर स्वतः बसल्या. सुळे थोडे लांब ठेवले. पुढच्या दोन दातांमध्ये फट सोडली. संगणकाच्या पडद्यावर थांबवलेलं सरदारांचं तोंड समोर ठेवून त्यांनी ती फट पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. इतकं मन लावून त्यांनी कुणाचं काम केलं नव्हतं.

रविवारी त्यांनी हे सांगितलं तेव्हा खोलीत कुणी सिनेमाकडे बघेना.

“आम्ही येणार,” शिंपी म्हणाला.

“ते पेशंट आहेत. तमाशा नाही चालायचा.”

“तमाशा कसला? बाकावर बसू. दवाखान्यात माणसं बसत नाहीत का?”

“चार धडधाकट माणसं बसलेली कधी बघितली नाहीत मी.”

“अहो, मी कण्हेन की मधून मधून,” लिफ्टवाला म्हणाला.

अखेर डॉक्टरांनी बाहेरच्या बाकापुरती परवानगी दिली.

ठरल्या दिवशी चौघं बाकावर ओळीने बसले होते आणि जुनी मासिकं चाळत होते. चष्मेवाल्याने आपलं मासिक उलटं धरलं होतं. सरदार आले, तेव्हा चौघंही उठून उभे राहिले आणि लगेच बसले. सरदारांनी मान लववली. त्यांचं बोट धरून मुंगी होती, मागे मुलगी.

आत डॉक्टरांनी मेणाची कवळी बसवली आणि हातात आरसा दिला. दार त्यांनी मुद्दाम किलकिलं ठेवलं होतं. म्हाताऱ्यांचे गाल भरून आले. आरशात सरदार दिसत होते, केस तेवढे पांढरे. ते बराच वेळ बघत राहिले.

“आता साठच्या पुढे मोजा,” डॉक्टर म्हणाल्या. नव्या कवळीचा ‘स’ तपासायला त्या सगळ्यांनाच हे आकडे म्हणायला लावत.

“एकसष्ट,” म्हातारे म्हणाले. “बासष्ट. त्रेसष्ट.”

सळसळ झाली. अगदी तीच. बाहेर ग्रंथालयातल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. लिफ्टवाल्याने एक टाळी वाजवली, आणि शिंप्याने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली.

मुंगी चूळ टाकायच्या भांड्याशी उभी होती. तिने आजोबांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, जीभ दातांमागे खोचली आणि तसाच वारा काढून म्हणाली, “एकसष्ट. बासष्ट. बरोबर आलं का आजोबा?”

“झालं!” तिची आई म्हणाली. “थथा गेला आणि साप आला. आता शाळेत फूत्कार टाकेल ही.”

“असू दे गं,” म्हातारे हळू म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळले. “फार मेहनत घेतलीत. छान झालंय हं. असंच पक्कं करा.”

“असंच काय, बाबा? शिकवायचंय ना तुम्हाला?”

“त्यांनी इतकं मनापासून केलंय.”

“तुम्हाला जन्मात कधी आवडली होती का ती फट?” मुलगी बाबांना म्हणाली. मग डॉक्टरांना म्हणाली, “फोटो काढताना तोंड मिटून बसायचे. माझ्या लग्नातसुद्धा एकाही फोटोत हसलेले नाहीत.”

डॉक्टरांनी विचारलं, “मग सिनेमात तो ओठ...?”

“ओठाचं काय?”

“तो हलवत नव्हतात तुम्ही. आम्ही त्यावर... मी त्यावर पुष्कळ बोलले आहे.”

म्हाताऱ्यांना थोडं हसू आलं, आणि सवयीने त्यांनी ओठ खाली ओढला. “दात दिसू नयेत म्हणून हो. पहिल्याच सिनेमात दिग्दर्शक ओरडला होता, ‘अरे, भूत आहेस, फणी नाहीस!’ तेव्हापासून ओठ दाबून बोलायला लागलो.”

बाहेरचे चौघं आता दारात आले होते. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं.

“म्हणून काय झालं?” शिंपी म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “दाबला म्हणून तर ते झालं! सरदार, माफ करा, पण ती फट तुमच्या एकट्याची नाही.”

“काका, तोंड त्यांचं आहे,” मुलगी म्हणाली.

“तोंड त्यांचं आहे हे कळतं मला. पण बघितलंय आम्ही.”

म्हातारे शिंप्याकडे शांतपणे बघत होते. “तुम्ही म्हणता ते खोटं नाही,” ते म्हणाले. “मला तर जन्मभर दुसऱ्यांनी दिलेलंच घालायची सवय. शाल द्या, सुळे द्या. हेही घालीन.”

ते खरंच घालतील, हे डॉक्टरांना दिसलं. घालून घरी जातील, दुपारी मुलीच्या धाकाने गप्प बसतील, आणि रविवारी पाच माणसं खूश असतील. दात आवडायचे का, हा जो प्रश्न त्या एरवी प्रत्येक पेशंटला विचारत, तो त्यांना आत्ता विचारावासा वाटला. पण त्याचं उत्तर आधीच मिळालं होतं. त्यांनी दुसरा विचारला.

“तुम्हाला या दातांनी काय करायचंय?”

“हिला ‘स’ शिकवायचाय,” म्हातारे म्हणाले. “मग ‘ह’. मग ‘ळ’. ‘ळ’ फार अवघड असतो.”

डॉक्टरांनी कवळी काढून घेतली. स्पिरीटचा दिवा लावला, छोटी सुरी ज्योतीवर धरली आणि तापलेलं पातं पुढच्या दातांच्या मुळाशी मेणात घातलं. मेण मऊ झालं. त्यांनी अंगठ्याने एक दात सरकवला, मग दुसरा. दात एकमेकांना भिडले. शिंपी “अहो...” म्हणाला. मग त्यांनी सुळे घासायला घेतले. पांढरी भुकटी त्यांच्या हातमोज्यांवर पडत होती. मुंगी टाचा उंच करून बघत होती.

कवळी पुन्हा तोंडात गेली.

“एकसष्ट,” म्हातारे म्हणाले. “बासष्ट. त्रेसष्ट. चौसष्ट.”

तिकिटं विकणारा माणूस बोलतो तसा साधा, स्पष्ट आवाज होता. डॉक्टरांनी मान हलवली. काम बरोबर झालं होतं.

“रस्त्यात भेटले तर ओळखणार नाही मी,” लिफ्टवाला म्हणाला. शिंपी केव्हाच बाहेर गेला होता.

त्या रविवारी सिनेमा झाला. खांद्यांवर शिंपी थोडक्यात बोलला. तोंडाची पाळी आली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, “आज ते ओठ दाबताना दिसतात. प्रत्येक ‘स’च्या आधी दाबतात. मला आधी दिसलं नव्हतं.”

“आता आम्हालाही तेवढंच दिसणार,” शिंपी म्हणाला. “भूत गेलं, माणूस राहिला. बरं केलंत.”

“भिऊन दाबतात तरी आपल्याला भीती वाटते ना?” ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या.

तोंड त्यांच्या हद्दीत नव्हतं, पण त्या दिवशी कुणी टोकलं नाही. शिंप्याने चहा मागवला नाही. चहा डॉक्टरांनी सांगितला.

पक्की कवळी तयार झाली तेव्हा म्हातारे आणि मुंगी दोघंच आले. कवळी बसवून झाली, सूचना देऊन झाल्या. रात्री पाण्यात ठेवा, आधी मऊ खा, दुखलं तर या. म्हातारे बाहेर आले आणि घरी जायच्या ऐवजी बाकावर बसले. मुंगीने दप्तरातून पाटी काढली.

“घरी जाऊन करू या की, आजोबा.”

“किती दिवस वाया गेलेत! बस इथं. म्हण, ससा.”

“ससा.”

“सिंह.”

“सिंह. पण मला तो वारा काढता येतो अजून. काढू?”

“खेळताना काढ. शिकताना नाही.”

पुढचा पेशंट गाल धरून आला आणि बाकावर जागा नाही म्हणून उभा राहिला. म्हातारे थोडे सरकले, पाटीही सरकली.

“म्हण, सापडली,” म्हातारे म्हणाले.

“सापडली,” मुंगी म्हणाली.

“शाब्बास. आता ‘ह’. ह्याला दात लागत नाहीत. नुसता श्वास सोड.”

मुंगीने श्वास सोडला. गाल धरलेल्या माणसानेही सोडला.

डॉक्टरांनी दार उघडून पेशंटला आत बोलावलं. तो म्हणाला, “एक मिनिट हं,” आणि पाटीकडे बघत राहिला.